जंतूंची उसनवारी

मी मराठीचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं होतं आणि अकरावी-बारावीलाही कला शाखाच होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची वेळ आयुष्यात एकदाच आली, तीही मुलीच्या कॉलेजातल्या प्रदर्शनात. अशा माणसानं जिवाणूंच्या इतिहासावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण काही प्रश्न आपण निवडत नाही, ते आपल्या घरात येऊन बसतात. हा प्रश्न आमच्या घरात १९९१ च्या पावसाळ्यात आला आणि अजून गेलेला नाही.

त्याआधीचं थोडं सांगतो. १९७९ साली, मी दहा वर्षांचा असताना, मला ताप आला आणि तो उतरेचना. दादी त्याला ‘मियादी बुखार’ म्हणायची, शेजारच्या काकू ‘मुदतीचा ताप’ म्हणायच्या आणि तालुक्याचे डॉक्टर टायफॉइड. तिघांचं म्हणणं एकच होतं. डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. शाळेत त्याचं खरं नाव नंतर कळलं, क्लोरॅम्फेनिकॉल. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मी मऊ भात मागितला. त्या कॅप्सूलवर अब्बांचा पुढं इतका विश्वास बसला की, उरलेल्या चार त्यांनी काचेच्या बरणीत जपून ठेवल्या. घरात कुणाला कसलाही ताप आला की त्या बरणीतून एक-दोन निघत. बरणी रिकामी झाली की दुकानातून भरली जाई. चिठ्ठी कुणी मागत नसे.

१९९१ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीला तसाच ताप आला. ती चौदा वर्षांची होती. डॉक्टर तेच, औषधही तेच. आठ दिवस झाले तरी ताप हलला नाही. मग डॉक्टरांनी औषध बदललं, अँपिसिलिन दिलं. ताप तसाच. पुन्हा बदललं, कोट्रायमॉक्साझोल दिलं. ताप तसाच. नवी, महाग गोळी बाजारात आली होती, पण ती लहान वयात द्यायला तेव्हा डॉक्टर कचरत. तिला जिल्ह्याच्या गावी हलवेपर्यंत तिसरा आठवडा लागला होता. विषमज्वरात तिसऱ्या आठवड्यात आतडं फाटण्याचं भय असतं, हे आम्हाला तिथं पोचल्यावर समजलं. ती परत आली नाही.

अब्बा नंतर पंधरा वर्षं होते. तक्रार त्यांनी कुणाचीच केली नाही, डॉक्टरांचीही नाही. फक्त कधी कधी, असेच बसले असता, म्हणायचे, “एक दवा हारी, समज्या. तीनों एकसाथ कैसे हारे?” मी ग्रॅज्युएट मुलगा, मला उत्तर येत नव्हतं. ते पुढं माझ्या मुलीनं दिलं. तिनं सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, आणि एक दिवस ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या १९६७ सालच्या एका लेखाची झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली. लेखक जपानी होते, त्सुतोमू वातानाबे. “बाबा, दादांचा प्रश्न यात आहे,” ती म्हणाली. शब्दकोश घेऊन मी तो लेख वाचला. आज जे सांगणार आहे त्याची सुरुवात तिथली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये रक्ती हगवण हा मोठा आजार होता. वर्षाला लाखाच्या घरात लोक आजारी पडत. शिगेला नावाच्या जंतूनं ती होते. या जंतूला हे नाव मिळालं तेही कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञावरून, त्यांनी तो १८९७ मध्ये शोधला. युद्ध संपल्यावर सल्फाची औषधं आली आणि हगवण हटू लागली. पाच-सहा वर्षांतच बहुतेक शिगेला सल्फाला दाद देईनासे झाले. यात फारसं आश्चर्य नव्हतं. जंतू लाखोंनी जन्मतात, एखाद्यात जन्मतःच काही बदल झालेला असतो, औषधानं बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याची प्रजा वाढते. डार्विन वाचलेल्या कुणालाही हे पटेल. मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही नवी औषधं वापरात आली.

१९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी बाईंची हगवण थांबेना. तपासणीत सापडलेला शिगेला सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना दाद देत नव्हता. एकाच वेळी चार. पुढच्या चार-पाच वर्षांत असे चौपदरी जंतू जपानभर दिसू लागले.

इथं थोडा हिशेब करू या. एका औषधातून वाचण्याजोगा बदल एखाद्या जंतूत आपोआप होण्याची शक्यता कोटीत एक धरली, तर चारही बदल एकाच जंतूत एकदम होण्याची शक्यता किती? एकावर अठ्ठावीस शून्यं मांडायची आणि त्यात एक. थोडक्यात, असं घडता कामा नये. पण घडत होतं. शिवाय दोन चमत्कारिक गोष्टी दिसत होत्या. एकाच साथीत, एकाच जातीचे शिगेला काही रुग्णांत साधे असत आणि काहींत चौपदरी, अगदी एकाच रुग्णातसुद्धा दोन्ही सापडत. आणि ज्याच्या पोटात चौपदरी शिगेला असे, त्याच्या पोटातला एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई-कोलाय, हाही बऱ्याचदा त्याच चार औषधांना दाद देत नसे. ई-कोलाय हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा बहुतेक वेळा निरुपद्रवी जंतू. शिगेलाशी नातं आहे, पण हगवण आणणारा तो नव्हे. मग त्याच्याकडे नेमकी तीच चार कुलपं कशी?

१९५९ मध्ये तोमोइचिरो आकिबा आणि कुनितारो ओचियाई यांनी वेगवेगळ्या ठिकाणी काम करत जवळपास एकच प्रयोग केला. तो इतका साधा आहे की माझ्यासारख्याला समजतो. चौपदरी ई-कोलाय घ्यायचा, औषधानं सहज मरणारा साधा शिगेला घ्यायचा, दोघांना एका नळीत रस्सा घालून एकत्र ठेवायचं. नंतर त्यातले शिगेला वेगळे काढून पाहायचे. त्यांतले काही आता चारही औषधांतून वाचत होते. त्यांना कुणी औषध पाजून पारखलं नव्हतं. ते फक्त शेजारी राहिले होते. ई-कोलाय गाळून नुसता रस्सा दिला तर मात्र काही होत नसे, प्रत्यक्ष अंगाला अंग लागावं लागे.

म्हणजे शिगेलानं काही कमावलं नव्हतं, आईबापाकडून मिळवलंही नव्हतं. त्यानं ते शेजाऱ्याकडून उसनं घेतलं होतं.

टोकियोच्या केओ विद्यापीठातले वातानाबे यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढचा धागा पकडला. त्यांनी दाखवलं की ही चार कुलपं जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नाहीत, वेगळ्या छोट्या तुकड्यावर आहेत. अ‍ॅक्रिडिन जातीचा रंग दिला तर काही जंतूंतून तो तुकडा गळून पडतो आणि चारही कुलपं एकदम जातात. चारही एकदम येतात, चारही एकदम जातात. अब्बांचा प्रश्न मला इथं प्रथम सुटताना दिसला. १९६३ मध्ये वातानाबेंनी इंग्रजीत मोठा आढावा लिहिला. त्याच्या शीर्षकात एक शब्दप्रयोग आहे, त्याचा मराठीत अर्थ होतो ‘संसर्गजन्य वारसा’. वारसा रक्तातून येतो आणि संसर्ग परक्याकडून. हे दोन शब्द एकत्र बसवायला कवीला धाडस लागलं असतं, या शास्त्रज्ञानं निरीक्षणावरून बसवले.

त्या छोट्या तुकड्याला आज प्लास्मिड म्हणतात. ते नाव अमेरिकेच्या जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये सुचवलं होतं. याच लेडरबर्गनी वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९४६ मध्ये, एडवर्ड टेटम यांच्यासोबत दाखवून दिलं होतं की जिवाणू एकमेकांना जनुकं देतात. त्याच्याही आधी, १९२८ मध्ये, लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांना आढळलं होतं की न्यूमोनियाच्या मेलेल्या घातक जंतूंसोबत जिवंत पण निरुपद्रवी जंतू उंदराला टोचले तर निरुपद्रवी जंतू घातक होतात. मेलेल्याचा गुण जिवंतानं उचलला होता. तो गुण डीएनएमध्ये असतो, हे न्यूयॉर्कमधल्या एव्हरी, मॅकलॉड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केलं. तोवर ग्रिफिथ हयात नव्हते, १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बफेकीत ते गेले. तर जंतूंची देवघेव शास्त्रज्ञांना अगदीच अपरिचित नव्हती. पण ती प्रयोगशाळेतली गंमत मानली जात होती. ती रुग्णाच्या पोटात चालते आणि माणसं मारू शकते, हे जपाननं दाखवलं.

ही देवघेव कशी होते ते मुलीनं मला कागदावर काढून दाखवलं. प्लास्मिड म्हणजे डीएनएची एक छोटी बांगडी. जिच्यात ती आहे तो जंतू बारीक तंतू बाहेर काढतो, शेजाऱ्याला धरतो, जवळ ओढतो आणि बांगडीची एक प्रत त्याच्यात सरकवतो. प्रत, हे महत्त्वाचं. देणाऱ्याकडची बांगडी देणाऱ्याकडे राहते. म्हणून मी उसनवारी म्हणालो खरा, पण शब्द थोडा चुकतोच. उसनी साखर दिली की आपल्या डब्यातली कमी होते. इथं काही कमी होत नाही आणि परतही करावं लागत नाही. याशिवाय ग्रिफिथच्या उंदरात झालं तसं मेलेल्या जंतूचा सुटा डीएनए उचलणं असतं, आणि जंतूंना ग्रासणारे विषाणू एकाचा माल दुसऱ्याकडे नेऊन टाकतात तेही असतं. पण दवाखान्यातलं बरंचसं दुखणं बांगडीचं आहे.

मला हे समजायला माझ्याच धंद्यातलं एक उदाहरण उपयोगी पडलं. फारसीत गुलाबपाण्याला ‘गुलाब’ म्हणत. तो शब्द अरबीत गेला आणि ‘जुलाब’ झाला, गोड सरबताच्या अर्थानं. हकिमांच्या हाती ते सरबत पोट साफ करायच्या औषधाचं झालं. मराठीत पोचेपर्यंत जुलाब म्हणजे काय झालं, ते सर्वांना माहीत आहे. आणि मूळ गुलाब फूल होऊन वेगळ्या वाटेनं आलाच. मराठी काही फारसीची लेक नव्हे, अरबीची तर मुळीच नव्हे. शब्द जन्मानं आले नाहीत, शेजारानं आले. दादीचा ‘मियादी’ आणि काकूंची ‘मुदत’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबीच. काकूंना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. भाषेतल्या असल्या उसनवारीवर माझं पोट चालतं आणि तिचा मला अभिमान आहे. जंतूंची उसनवारी त्याच तऱ्हेची आहे, म्हणूनच ती मला अधिक अस्वस्थ करते.

जपानच्या शोधावर पश्चिमेत लगेच विश्वास बसला नाही. बरेचसे निबंध जपानी भाषेत होते, आणि हे काहीतरी जपानपुरतं असावं असंही वाटत होतं. १९५९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात साल्मोनेलाची, म्हणजे जुलाब आणणाऱ्या आणखी एका जंतूची, साथ आली. तिचा अभ्यास नाओमी दत्ता यांनी केला. दत्ता हे आडनाव त्यांना पती प्रकाश दत्ता यांच्याकडून मिळालेलं. त्यांनी जपानी प्रयोग आपल्या जंतूंवर करून पाहिला आणि तेच दिसलं. त्यांचा निबंध १९६२ मध्ये आला. उसनवारी फक्त जपानची नव्हती. १९६५ मध्ये दत्ता आणि एक ग्रीक सहकारी यांनी अथेन्सच्या एका रुग्णाच्या ई-कोलायमध्ये अँपिसिलिन निकामी करणारं एक जनुक शोधलं. त्याला रुग्णाच्या नावातली पहिली तीन अक्षरं घेऊन ‘टेम’ म्हणतात. दहा वर्षांच्या आत ‘टेम’ लहान मुलांना मेंदूज्वर आणणाऱ्या जंतूत दिसलं आणि १९७६ मध्ये परम्याच्या जंतूतही. या जंतूंचं ई-कोलायशी जवळचं नातं नाही. मग इतक्या लांब उडी कशी? १९७४ मध्ये दत्तांच्याच विभागात उत्तर मिळालं. जनुक एका बांगडीवरून सुटून दुसऱ्या बांगडीवर जाऊन बसू शकतं. म्हणजे बांगड्या जंतू बदलतात आणि जनुकं बांगड्या बदलतात.

दत्तांचं मला सगळ्यांत आवडणारं काम मात्र नंतरचं आहे. ई. जी. डी. मरे नावाच्या जिवाणूतज्ज्ञांनी १९१७ ते १९५४ या काळात आतड्यात राहणारे जंतू जमवून बंद नळ्यांत जपून ठेवले होते. त्यात युरोप, रशिया, अमेरिका आणि हिंदुस्थानातलेही जंतू होते. बहुतेक सगळे प्रतिजैविकं येण्याआधीचे. दत्ता आणि त्यांच्या सहकारी ह्यूज यांनी त्यातले ४३३ जंतू पुन्हा जागे केले आणि तपासले. १९८३ मध्ये निष्कर्ष छापला. आजच्यासारखी कुलपं त्यांच्यात जवळजवळ नव्हती. पण सुमारे चौथ्या हिश्श्यात शेजाऱ्याला डीएनए देण्याची सोय तयार होती. रस्ता पूर्वीचाच होता. त्यावरून हा माल जाऊ लागला तो औषधं आल्यावर.

आणि माल तरी आला कुठून? स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं आपण मातीतल्या सूक्ष्मजीवांकडूनच घेतली. जो विष बनवतो त्याच्याकडे स्वतः वाचायची तजवीजही असते, आणि त्याच्या शेजाऱ्यांकडेही. कॅनडाच्या युकॉन प्रांतात ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतून अशी जनुकं निघाली, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पेनिसिलिन नष्ट करणारं विकर ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांना ई-कोलायमध्ये १९४० सालीच सापडलं होतं. पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणारा त्यांचा पहिला रुग्ण १९४१ चा. म्हणजे कुलूप आधी सापडलं आणि किल्ली नंतर वापरली!

आता विषमज्वराकडे येतो. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉलनं तो आटोक्यात आला आणि वीस-बावीस वर्षं निर्धास्त गेली. १९७२ मध्ये मेक्सिकोत त्याला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली, दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. त्याच वर्षी केरळमध्ये कालिकतलाही तसाच विषमज्वर आला. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी ते कुलूप दुसऱ्या जंतूकडे जातं हे दाखवलं आणि ‘नेचर’मध्ये छापलं. म्हणजे मला १९७९ मध्ये ती कॅप्सूल लागू पडली ते माझं नशीब. मी आजारी पडण्याआधी सात वर्षं आपल्याच देशात धोक्याची घंटा वाजून गेली होती.

१९९० च्या सुमारास महाराष्ट्रासह देशात अनेक ठिकाणी असा विषमज्वर पसरला की त्यावर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिन्हींचा उपयोग होईना. तिन्ही कुलपं बहुधा एकाच मोठ्या बांगडीवर होती. माझ्या बहिणीची विडाल चाचणी झाली होती, रक्तातला जंतू वाढवून पाहायची सोय आमच्या गावात नव्हती. त्यामुळे तिच्याबद्दल मी शपथेवर काही सांगणार नाही. पण जी तीन औषधं तिला एकामागून एक दिली गेली, तीच ही तीन. डॉक्टरांचा हात चुकला नव्हता. त्यांनी पंचवीस वर्षांच्या अनुभवानं एक दार बंद दिसल्यावर दुसरं ठोठावलं. तिन्ही दारांना एकच कडी आतून घातली होती.

यातली जी गोष्ट समजायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला ती आमच्या बरणीची. मला वाटे, टायफॉइडचा जंतू टायफॉइडच्या औषधाशी लढून तयार झाला असेल. पण तसं असायची गरजच नाही. आम्ही सर्दी-पडशाला, अंगदुखीला, कशालाही त्या कॅप्सूल घेत होतो. सर्दीच्या विषाणूला त्यानं काही होत नव्हतं. पण पोटातल्या ई-कोलायला होत होतं. साधे मरत, कुलूपवाले उरत आणि वाढत. ते निरुपद्रवी म्हणून कुणाला जाणवत नसत. ते पोटातून गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून फुटक्या पाइपमधून परत हंड्यात येत. एखाद्या दिवशी त्यांच्या शेजारी खरा आजार आणणारा जंतू येऊन बसला की त्याला सगळं आयतं मिळे. अशा बरण्या गावात घरोघर होत्या. आमची बरणी माझ्या बहिणीला भोवली असं मी म्हणत नाही, एवढा सरळ हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. पण आमची बरणी त्या हिशेबात होती.

माणसांपुरतंच हे नाही. अमेरिकेत १९५० पासून कोंबड्या आणि डुकरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात प्रतिजैविकं मिसळू लागले. स्टुअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लिनचं खाद्य देऊन पाहिलं. थोड्याच दिवसांत कोंबड्यांच्या पोटातले जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनात, आणि काही महिन्यांत औषधाला हात न लावलेल्या शेतकरी कुटुंबाच्या पोटातलेही. हे १९७६ मध्ये छापलं गेलं. तरी २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिन या अगदी शेवटच्या राखीव औषधाचं कुलूप डुकरांच्या ई-कोलायमध्ये बांगडीवर सापडलं, तेव्हा जगाला धक्का बसल्याचं वर्तमानपत्रांनी लिहिलं. भारतानं खाद्याच्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली ती २०१९ मध्ये.

२०१० चा वाद तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाकडे, कार्बापेनेम या राखीव औषधांना निकामी करणारं जनुक सापडलं होतं. त्याला ‘न्यू डेल्ही’चं नाव देण्यात आलं, एनडीएम-१. त्या रुग्णाच्या लघवीतला क्लेब्सिएला आणि शौचातला ई-कोलाय, दोघांकडेही ते होतं. १९५० च्या दशकातल्या जपानी रुग्णांचीच गोष्ट, पन्नास वर्षांनी. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात मोठा निबंध आला आणि दिल्लीत संताप उसळला. संसदेत प्रश्न निघाले. देशाला बदनाम करायचा डाव आहे, आपल्याकडे उपचाराला येणारे परदेशी रुग्ण तोडायचे आहेत, असं म्हटलं गेलं. नावाबद्दलचा राग मला समजतो. जंतूवर शहराचा शिक्का मारला की तिथल्या माणसांवरही बसतो, हे ज्याच्या नावावरून लोक त्याचं गाव ठरवतात त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी २०११ मध्ये त्या नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याआधीच, मार्च २०१० मध्ये, भारतीय नियतकालिकात लिहिलं होतं की त्यांनी तपासलेल्या कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये हे जनुक आहे. त्यावर कुणी संसदेत उभं राहिलं नाही. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये ते जनुक होतं. ते पटकीच्या जंतूतही पोचलं होतं आणि शिगेलातही. नावावर भांडण्यात आपले महिने गेले, पाणी वाहतच होतं.

२०१६ मध्ये पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत, विषमज्वराची नवी साथ सुरू झाली आणि हजारो लोक, त्यात बहुतेक मुलं, आजारी पडली. त्या जंतूनं जुनी तीन कुलपं आपल्या मुख्य गुणसूत्रातच बसवून घेतली होती. त्यावर एक नवी बांगडी, सेफ्ट्रिॲक्सोनलाही थोपवणारी. तशीच बांगडी शास्त्रज्ञांना ई-कोलायमध्ये सापडलेली होती. तोंडानं घ्यायच्या औषधांत भरवशाचं अझिथ्रोमायसिन एवढंच उरलं. ती साथ रोखायला जी लस दिली गेली ती आपल्याकडच्या हैदराबादेत बनलेली होती. हीच लस नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये मुलांना द्यायला सुरुवात केली. लस घेतलेल्या मुलाला ताप येत नाही, ताप नाही म्हणून कॅप्सूल लागत नाही, आणि पोटातल्या ई-कोलायला कुलपं जमवायचं कारण उरत नाही. स्वच्छ पाण्याचंही असंच आहे. ते औषधाच्या दुकानात मिळत नाही म्हणून त्याला कुणी औषध म्हणत नाही, एवढंच.

मुलगी आता एका प्रयोगशाळेत काम करते. मागच्या ईदला घरी आली होती, तेव्हा जेवताना म्हणाली, “बाबा, आपल्याकडे टायफॉइडच्या बऱ्याच नमुन्यांवर आता क्लोरॅम्फेनिकॉल पुन्हा चालतं.” मला आधी कळलंच नाही. मग तिनं समजावलं. १९९० नंतर डॉक्टरांनी ते औषध टायफॉइडला द्यायचं सोडलं, नवी औषधं आली. न लागणारी बांगडी वागवत बसणं जंतूलाही जड जातं. पंधरा-वीस वर्षांत भारतातल्या विषमज्वराच्या पुष्कळशा जंतूंनी ती टाकून दिली. नव्या औषधांना मात्र ते आता दाद देत नाहीत. “म्हणून जुनं परत वापरायचं का, यावर आमच्याकडे चर्चा चालते,” ती म्हणाली.

मी तिला विचारलं, परत वापरलं तर बांगडी परत येईल का? ती म्हणाली, येईल. पोटातल्या दुसऱ्या जंतूंकडे ती अजून आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)